समुद्रपुष्पाचे वर्तन आणि वर्णनाची क्रियापदे

सागरी प्राणिशास्त्र हा प्रस्तुत लेखकाच्या अभ्यासाचा विषय नव्हे, हे आरंभीच नमूद केलेले बरे. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने समुद्रपुष्पाविषयी लिहावे, यात काही वाचकांना मर्यादातिक्रम वाटण्याचा संभव आहे. परंतु पुण्यातील आमच्या घरी गेली तीन वर्षे खाऱ्या पाण्याची एक काचपेटी आहे. तीत घडलेल्या एका चुकीचा उलगडा करू लागल्यावर जे प्रश्न उभे राहिले, ते निम्मे प्राणिशास्त्राचे आणि निम्मे भाषेचे निघाले. त्यांपैकी दुसऱ्या निम्म्यावर बोलण्याचा थोडाफार अधिकार आपल्याला आहे, एवढ्याच भरवशावर हे लेखन केले आहे.

प्रथम ती चूक सांगतो. पेटीतील पाणी स्थिरावून आठ महिने झाल्यावर आम्ही एक समुद्रपुष्प आणले. त्याचे शास्त्रीय नाव एण्टाक्मिया क्वाड्रिकलर. त्याच्या स्पर्शकांची टोके पुष्कळदा लहान फुग्यांसारखी फुगलेली असतात. पहिला आठवडा ते उत्तम फुललेले होते. एका संध्याकाळी कौतुकाच्या भरात मी त्याला कोळंबीचा अंगठ्याएवढा तुकडा भरविला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो बशीएवढे पसरलेले ते शरीर लिंबाएवढे झालेले, स्पर्शक सुरकुतलेले, मुख उघडे आणि त्यातून तपकिरी रंगाचा एक चिकट दोरा लोंबत असलेला. माझी धाकटी मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, ते रुसलंय.’’ मी म्हटले, ‘‘रुसलं नाही, कोमेजलं.’’ आणि कोमेजलेले फूल तसबिरीवरून काढावे त्या सहजतेने मी ते खडकावरून उचलू लागलो. ते निघेना. जोर केला तेव्हा त्याच्या तळाची चकती फाटली. मेलेल्या प्राण्याचा तळ इतका घट्ट धरून राहत नाही, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. पुढील चार दिवसांत मात्र ते खरोखरच सडले, पाणी गढूळ झाले आणि एक मासाही दगावला.

‘रुसणे’ हे क्रियापद प्राणिशास्त्राच्या दृष्टीने निराधार आहे, यात शंका नाही. तथापि त्या क्रियापदात रुसवा जाण्याची शक्यता गृहीत असते. रुसलेल्याची आपण वाट पाहतो. ‘कोमेजणे’ हे क्रियापद एकाच दिशेने जाते. मुलीचे क्रियापद स्वीकारले असते, तर ते समुद्रपुष्प वाचले असते.

आता त्या सकाळी वस्तुतः काय घडत होते, ते पाहू. समुद्रपुष्पाच्या शरीरात हाड नाही, कवच नाही. एक पोकळ नळकांडे, तळाशी चिकटणारी चकती, वर मुख आणि मुखाभोवती स्पर्शकांची वलये, इतकीच त्याची रचना. नळकांड्यातील पोकळी समुद्राच्याच पाण्याने भरलेली असते आणि तेच पाणी त्याच्या सांगाड्याचे काम करते. घशाच्या कडेला असलेल्या एका पन्हळीतील सूक्ष्म केस सतत हालत राहून पाणी आत ढकलीत असतात, आणि भिंतीतील स्नायू आखडले म्हणजे ते मुखावाटे बाहेर पडते. आत घेण्याचा वेग अल्प, बाहेर टाकण्याचा वेग पुष्कळ. म्हणून आखडणे क्षणात होते आणि फुगण्यास तास लागतात. अन्न घेण्याचे आणि मळ टाकण्याचे द्वारही तेच एक. पचन झाल्यावर उरलेला मळ टाकावयाचा, तर पोकळीतील पाणी बाहेर टाकावे लागते आणि पाणी टाकले की सांगाडाच उरत नाही. तपकिरी दोरा होता तो या मळाचा आणि शरीरातून बाहेर टाकलेल्या सहजीवी शैवलपेशींचा. तात्पर्य, आमचे समुद्रपुष्प जड जेवणानंतरचा आपला नित्याचा व्यवहार उरकीत होते. बारा किंवा चोवीस तास थांबलो असतो, तर ते बहुधा पुन्हा फुललेले दिसले असते.

नावाचा या चुकीत किती वाटा आहे, याचा विचार करण्यासारखा आहे. मराठीत आपण ‘समुद्रपुष्प’ म्हणतो. इंग्रजांनी वाऱ्याला वाचक असलेल्या ग्रीक शब्दावरून पडलेले एका रानफुलाचे नाव या प्राण्याला दिले. याउलट प्राचीन ग्रीकांनी याला ‘क्नीडे’ म्हणजे खाजकुइलीसारखी झोंबणारी वनस्पती असे म्हटले, आणि या संपूर्ण प्राणिसंघाचे आजचे शास्त्रीय नाव त्याच शब्दावरून सिद्ध झाले आहे. दोन्ही नावे वनस्पतीचीच. परंतु एकाने डोळ्यांना जे दिसले ते टिपले, दुसऱ्याने हाताला जे लागले ते. आज आपल्याला माहीत आहे की झोंबण्याचे कारण स्पर्शकांतील दंशपेशी होत. प्रत्येक पेशीत गुंडाळलेला एक पोकळ धागा असतो आणि योग्य स्पर्श होताच तो बाहेर फेकला जातो. निरोगी समुद्रपुष्पाला बोट लागले तर चिकटल्यासारखे वाटते ते यामुळे. हा चिकटपणा नाहीसा होणे हे, माझ्या मते, आकुंचनापेक्षा कितीतरी अधिक चिंताजनक लक्षण आहे. आपल्याकडे ‘फूल’ हा शब्द एकदा योजला की त्यामागोमाग उमलणे, मिटणे, कोमेजणे, गळणे ही क्रियापदे न बोलावता येतात. त्यांपैकी पहिली दोन येथे बरीचशी चालतात. उरलेली दोन घात करतात.

घरात समुद्रपुष्पे पाळण्याची हौस काही आजची नव्हे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या ‘द अक्वेरियम’ या ग्रंथाने इंग्लंडच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याच्या पेट्यांची लाट आणली. मासे जगविणे त्या काळी कठीण होते, समुद्रपुष्पे त्या मानाने चिवट. त्यामुळे त्यांचे महत्त्व वाढले. स्कॉटलंडमधील सर जॉन डॅलिएल याने १८२८ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प तर त्याच्या मृत्यूनंतरही हस्तांतरित होत होत १८८७ पर्यंत जगले. ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, या नावाने ते एडिंबरोत प्रसिद्ध होते. एकोणसाठ वर्षे आणि तीही माणसाच्या देखरेखीखाली! आमच्याकडील प्राण्याच्या नऊ दिवसांशी ही तुलना करणे मला फारसे रुचत नाही, पण करणे प्राप्त आहे.

या प्राण्याचे वर्तन शास्त्रीय भाषेत कसे मांडावे, याविषयीचा वाद विसाव्या शतकाच्या आरंभी रंगला. जाक लोब याच्या मते कनिष्ठ प्राण्यांच्या हालचाली म्हणजे प्रकाश, गुरुत्व, रसायने यांनी बाहेरून घडविलेल्या यांत्रिक प्रतिक्रिया होत. याच्या विरुद्ध हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज याने १९०५ मध्ये समुद्रपुष्पांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाण्याच्या पृष्ठभागावर एक थेंब पाडला तर त्याच्याखालील समुद्रपुष्प आखडते. थोड्या वेळाने दुसरा थेंब पाडला तर पुष्कळदा आखडत नाही. थेंब तोच, प्राणी तोच. प्रतिक्रिया मात्र निराळी. भुकेले समुद्रपुष्प जो घास घेते, तोच घास तृप्त समुद्रपुष्प नाकारते. यावरून जेनिंग्जने असा निष्कर्ष काढला की बाह्य कारणाबरोबर प्राण्याची आंतरिक अवस्था आणि त्याचा पूर्वेतिहास यांनाही वर्तनात वाटा असतो. ‘नाकारते’ हे क्रियापद मी वर सहज वापरले. लोबच्या पंथातील वाचकाने त्यावर लाल रेघ मारली असती आणि ‘प्रतिक्रिया होत नाही’ असे लिहिले असते. दोन वाक्यांत माहिती एकच आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण दुसऱ्या वाक्यात भुकेचा प्रश्न विचारण्यास जागाच उरत नाही.

येथे मराठी व्याकरण आपल्या उपयोगी पडते. सुटणे आणि सोडणे, फाटणे आणि फाडणे, तुटणे आणि तोडणे अशा अकर्मक-सकर्मक जोड्या मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासूनच (१९११) नव्हे, त्याआधीपासूनही आपल्या व्याकरणकारांच्या परिचयाच्या आहेत. ‘समुद्रपुष्पाने खडक सोडला’ आणि ‘समुद्रपुष्प खडकावरून सुटले’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात प्राणी कर्ता आहे, ‘ने’ प्रत्यय लागून तो वाक्याच्या आरंभी उभा आहे. दुसऱ्यात काहीतरी केवळ घडले आहे. काचपेटी पाळणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद जीवनमरणाचा आहे. खडक सोडणारे समुद्रपुष्प तळाच्या चकतीच्या स्नायूंची लाट एका कडेकडून दुसरीकडे नेत तासाला काही सेंटीमीटर या गतीने सरकते, अथवा अंग फुगवून प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि दुसरीकडे पुन्हा चिकटते. खडकावरून सुटलेले समुद्रपुष्प मात्र सैल पडते, त्याची चकती कशालाच धरीत नाही, मुख विस्फारलेले राहते, आतला भाग बाहेर येऊ लागतो आणि लवकरच पाण्याला दुर्गंधी येते. पहिल्याला हात लावावयाचा नाही. दुसऱ्याला तासाभरात पेटीबाहेर काढावयाचे. मी नेमके उलट केले.

समुद्रपुष्प जागा का सोडते? नव्या पेटीत आणलेले समुद्रपुष्प पहिले काही दिवस हिंडते, यात आश्चर्य नाही. या जातीच्या शरीरात एकपेशीय शैवले वास करतात आणि प्रकाशात ती जे अन्न बनवितात, त्याचा मोठा भाग यजमानाला मिळतो. म्हणून प्रकाश अपुरा असेल तर ते अंग लांबवून वर येते. अति असेल तर आखडून सांदीत शिरते. प्रवाह अंगावर आदळत असेल तरी सरकते. पाण्यातील क्षार, तापमान यांत फेर पडला तरी सरकते. शैवले गमावलेले समुद्रपुष्प पांढुरके दिसते, आणि पुष्कळ ग्राहक त्या पांढऱ्या रंगावरच लुब्ध होतात, हे विक्रेत्यांना चांगले ठाऊक असते. वास्तविक तो रंग उपासमारीचा होय.

सरकण्याच्या बाबतीत या प्राण्यांची काही उदाहरणे विलक्षण आहेत. स्टॉम्फिया या वंशातील समुद्रपुष्पाला एका विशिष्ट ताऱ्यामाशाचा स्पर्श झाला, तर ते खडक सोडून अंग डावीउजवीकडे वाकवीत चक्क पोहू लागते; प्युजेट साउंड येथील या प्राण्याचे वर्णन येन्च व पिअर्स यांनी १९५५ मध्ये केले. कॅलिआक्टिस पॅरासिटिका या जातीचे समुद्रपुष्प शंखात राहणाऱ्या संन्यासी खेकड्याच्या पाठीवर असते. ते तेथे कसे येते? खेकडा त्याला उचलून ठेवतो की ते स्वतः चढते? रॉस आणि सटन यांनी १९६१ मध्ये दाखविले की पागुरस बर्नहार्डस या खेकड्याच्या बाबतीत खेकडा काहीच करीत नाही. समुद्रपुष्पाचे स्पर्शक शंखाला चिकटतात, मग तळ सुटतो, शरीर कमानीसारखे वाकते आणि तळ शंखावर येऊन बसतो. शंख रिकामा असला तरी हे घडते. दुसऱ्या काही जातींचे खेकडे मात्र समुद्रपुष्पाला थोपटून, हलवून ते सैल करतात आणि उचलून घेतात. परिणाम एकच, कर्ता निराळा. वाचकांच्या लक्षात येईल की मी वर ‘तळ सुटतो’ असे लिहिले, ‘तळ सोडवितो’ असे नाही. चार वेळा खोडून शेवटी तेच ठेवले. ते बरोबर आहे याची खात्री अद्याप वाटत नाही.

आता काळाचा प्रश्न. ‘ते नुसते बसून असते’ ही समुद्रपुष्पाविषयी पाहुण्यांची नेहमीची तक्रार. केंब्रिज येथे एलिझाबेथ बॅथम आणि सी. एफ्. ए. पँटिन यांनी १९५० मध्ये मेट्रिडियम या समुद्रपुष्पाच्या हालचालींची तासन् तास नोंद घेतली. परिस्थिती स्थिर ठेवली, कोणतेही उद्दीपन दिले नाही, तरी तो प्राणी सतत आकार बदलीत होता: आखडणे, लांबणे, वाकणे, पुन्हा फुगणे, असे क्रम आपोआप चालू होते. ते इतके मंद की मानवी दृष्टीला बसलेपण तेवढे दिसावे. याच पँटिनने १९३५ मध्ये असेही दाखविले होते की कॅलिआक्टिसला विजेचा एक सौम्य धक्का दिला तर काहीच दिसत नाही. लगेच दुसरा दिला तर आकुंचन होते. पहिला धक्का वाया गेलेला नसतो, त्याने वाट मोकळी करून ठेवलेली असते. मेंदू नसलेल्या, केवळ मज्जातंतूंचे जाळे असलेल्या प्राण्यात हे घडते. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, नेमाटोस्टेला या लहानशा समुद्रपुष्पावर स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी प्रयोग केले. प्रकाश आणि विजेचा धक्का एकाच वेळी पुनःपुन्हा दिल्यावर त्यांपैकी पुष्कळ प्राणी पुढे नुसत्या प्रकाशानेही आखडू लागले. ‘शिकणे’ हे क्रियापद आता त्यांच्या बाबतीत वापरावे लागते, आणि ते वापरताना संशोधकांनी अवतरणचिन्हे घातलेली नाहीत.

आमच्या दुसऱ्या समुद्रपुष्पाने व्याकरणाच्या आणखी एका विभागाला धक्का दिला, तो म्हणजे वचनाला. हेही त्याच जातीचे. सात महिने ते एका खडकाच्या खाचेत राहिले. एका मेमध्ये पुण्याच्या उन्हाळ्याने पेटीचे पाणी तीस अंशांवर गेले, बाष्पीभवनाने क्षारही वाढले. त्याच्या मुखाचा आकार आठाच्या अंकासारखा झाला, तळ दोन्ही बाजूंना ओढला जाऊ लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन समुद्रपुष्पे होती. फाटलेल्या कडा चार-पाच दिवसांत गोल मिटल्या. या जातीत दुभंगून वंश वाढविणे ही नेहमीची रीत आहे. मात्र ते सुस्थितीचे लक्षण की संकटाचे, याचे एकच उत्तर देता येत नाही. भरपूर अन्न मिळालेली समुद्रपुष्पेही दुभंगतात आणि त्रासलेलीही. आमच्या बाबतीत उष्णतेवर आरोप ठेवण्यास जागा आहे, पण एका घटनेवरून नियम काढणे आमच्या विषयातही निषिद्ध मानतात. मुलीने मात्र अडचणीचा प्रश्न विचारला: यांतले ‘ते’ कोणते? दर्शक सर्वनाम ज्याकडे बोट दाखवीत होते, तोच पदार्थ दोन जागी गेला होता. आई आणि मूल म्हणावे तर वयात फरक नाही. जुळी म्हणावी तर त्यांचा पूर्वेतिहास समाईक आहे. प्राणिशास्त्र त्यांना एका क्लोनचे घटक म्हणते. क्लोनमधील नाते या प्राण्यांनाही ओळखू येते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका जातीत एकाच क्लोनची समुद्रपुष्पे खेटून राहतात. परक्या क्लोनचा स्पर्श झाला तर दंशपेशींनी भरलेल्या खास गाठी फुगवून त्यावर आघात करतात. लिझबेथ फ्रान्सिस यांनी १९७३ मध्ये हे सप्रयोग मांडले.

विदूषक माशाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण पाहुणे येतात ते त्यालाच पाहण्यास. कथबर्ट कॉलिंगवुड याने १८६८ मध्ये चीनच्या समुद्रातील हे सहजीवन प्रथम नोंदविले. मासा समुद्रपुष्पाच्या स्पर्शकांत निर्धास्त लोळतो, त्याच्या अंगावरील श्लेष्मल थरामुळे दंशपेशी उडत नाहीत, आणि त्याच्या मलमूत्रातील नत्र शैवलांना खत म्हणून मिळते. नव्या समुद्रपुष्पाला मात्र त्याच्या सततच्या लगटीचा त्रास होतो आणि ते काही दिवस मिटून राहते. एवढ्यावरून त्याला आजारी ठरवू नये.

सध्या पेटीजवळ एक वही ठेवलेली असते. तीत क्रियापदे लिहिण्याआधी मोजमापे लिहावयाची, असा घरात नियम आहे: विशिष्ट गुरुत्व (आमच्याकडे १.०२५ च्या आसपास), तापमान, तळाची जागा, मुख उघडे की मिटलेले, रंग, दिव्यांची वेळ, शेवटचे अन्न केव्हा व किती. अमोनियाची चाचणी आठवड्यातून एकदा. तो शून्य असला पाहिजे. माशांसाठी तांबेयुक्त औषध चुकूनही या पेटीत जाऊ द्यावयाचे नाही, कारण ते समुद्रपुष्पाला मारते. पाणी फिरविणाऱ्या पंपाच्या तोंडाला जाळी बसविली आहे, कारण हिंडणारे समुद्रपुष्प तेथे ओढले गेले तर त्याचे तुकडे होतात आणि विष साऱ्या पेटीत पसरते. आखडलेल्या प्राण्याला पूर्ण एक दिवस गेल्याखेरीज कोणी हात लावावयाचा नाही.

मोजमापांच्या उजवीकडे एक रकाना रिकामा असतो. तेथे ज्याला जे क्रियापद सुचेल ते लिहावे. गेल्या मंगळवारी मी तेथे ‘संकुचित’ असे लिहिले. खाली मुलीने लिहिले, ‘रुसलंय, उद्या बोलेल.’ बुधवारी सकाळी नऊ वाजता दोहोंपैकी खाचेतले समुद्रपुष्प पूर्ण फुललेले होते. दुसरे खडकाच्या मागील बाजूस सरकले होते आणि काचेतून त्याची केवळ तळाची कड दिसत होती.